आपण जर्मन शिकावे काय?



२०२२ साली, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, मी जर्मन भाषेच्या वर्गात नाव घातले. ठाण्यास आमचा लहानसा छापखाना आहे. या धंद्यात जर्मन यंत्राला काय मान आहे हे छापखान्यातील माणसास सांगावे लागत नाही. जुन्या ट्रेडलच्या शेजारी एखादे हायडलबर्ग उभे असले की मालकाची मान थोडी ताठ राहते. मला एक वापरलेले ऑफसेट मशीन घ्यायचे होते. दलालाच्या तोंडून भाव ऐकून कंटाळलो होतो, आणि ड्युसेलडॉर्फ येथे छपाईच्या यंत्रांचे ‘ड्रूपा’ नावाचे मोठे प्रदर्शन २०२४ मध्ये भरणार होते. शिवाय, खरे सांगायचे तर, ऱ्हाइन नदीतून एकदा बोटीने जावे अशी हौसही होती. तेव्हा हेतू म्हणावा तर थोडा धंदा, थोडी सहल. त्यात तत्त्वज्ञान मुळीच नव्हते. ते माझ्या भावजींनी आणले.

भावजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. अश्दोदला राहतात. फोनवर ही बातमी ऐकताच म्हणाले, “जगात इतक्या भाषा आहेत, तुला हीच सापडली?” मी यंत्राची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, “आमच्या बिल्डिंगमध्ये हातावर नंबर गोंदलेली माणसे राहून गेली. त्यांच्यासमोर तू हे शब्द उच्चारशील काय?” मी म्हणालो, “भावजी, मी तर ठाण्यात राहतो.” हे उत्तर वाईट होते, हे मला फोन ठेवण्याच्या आतच कळले.

तेव्हापासून हा प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. आपल्या समाजातील मुलेही हल्ली शिक्षणासाठी, नोकरीसाठी जर्मनीकडे पाहू लागली आहेत. म्हणून तो आपल्या सर्वांपुढे मांडतो. उत्तर माझ्यापाशी तयार आहे असे मात्र कोणी समजू नये.

प्रथम भाषेविषयी सांगतो, कारण तिने मला अगदी अनपेक्षित आनंद दिला. मुंबईचे माक्स म्युलर भवन काळा घोडा येथे आहे. तेथून केनेसेथ एलियाहू सिनेगॉग चालत पाच मिनिटांवर. वर्गात बहुतेक विशी-पंचविशीची मुले, त्यांत मी एकटा पिकल्या मिशांचा. सारी मुले इंग्रजीतून विचार करीत आणि अडखळत. मी मराठीतून विचार करी आणि पुष्कळदा बिनबोभाट पार होई. जर्मनमध्ये तीन लिंगे आहेत. इंग्रजीवाल्यांना हा जुलूम वाटतो. आपल्याला त्यात काय नवल? तो, ती, ते आपण आईच्या कडेवरून शिकतो. चमचा त्यांच्याकडेही ‘तो’च आहे, आपली ‘ती’ सुरी मात्र त्यांच्याकडे ‘ते’ होते आणि आपला ‘तो’ काटा ‘ती’ होतो. पंचवीस म्हणताना आपण आधी पाच म्हणतो आणि मग वीस, तेही तसेच ‘पाच आणि वीस’ म्हणतात. भाव ऐकताना याचा फार उपयोग झाला. वाक्याला वाक्य जोडले की त्यांचे क्रियापद शेवटी जाऊन बसते, जसे आपले नेहमीच बसते. समास तर असे लांबलचक करतात, की आपल्या शाळेतल्या संस्कृतच्या मास्तरांना गहिवरून आले असते.

आणि आदरार्थी संबोधन! हिब्रूत लहान पोरालाही ‘अता’ आणि प्रधानमंत्र्यालाही ‘अता’. आमच्या आक्काला इस्राएलला गेल्यावर वर्षभर त्याचे अवघड वाटे. वडीलधाऱ्या माणसाला आपण एकेरीत बोलावतो आहोत असे वाटून जीभ अडे. जर्मनमध्ये ‘झी’ आहे आणि ‘डू’ आहे, म्हणजे आपले ‘तुम्ही’ आणि ‘तू’.

एक धडा विशेष लक्षात राहिला. ‘मला थंडी वाजते’ हे कसे म्हणावे? मुलांनी इंग्रजीवरून वाक्य बनवले, ‘इख बिन काल्ट’. बाई हसल्या आणि म्हणाल्या, याचा अर्थ मी स्वतःच थंड आहे, माझ्यात माया नाही, असा होतो. थंडी वाजत असेल तर म्हणायचे ‘मीर इस्ट काल्ट’. ‘मीर’ म्हणजे मला. मराठीत आपण ‘मी थंडी’ म्हणत नाही, ‘मला थंडी’ म्हणतो. हिब्रूतही ‘कार ली’, मला थंड. या एका वाक्यापुरत्या तिन्ही भाषा एका पंगतीला बसतात. असो. या वाक्याकडे पुढे परत यावयाचे आहे.

आता भावजींचा आक्षेप. त्याला दोन उत्तरे सहज सुचतात, आणि दोन्ही मला लंगडी वाटतात.

पहिले उत्तर असे, की आपण बेने इस्राएल. आपले पूर्वज कोकणच्या किनाऱ्यास लागले, त्यांनी घाणे चालवले, शनवारी काम बंद ठेवले म्हणून शेजाऱ्यांनी त्यांना शनवार तेली म्हटले; धर्मासाठी कोणी आपल्यावर हात उगारला नाही. जर्मनांनी आपले काही बिघडवले नाही, मग आपण रुसावे कशासाठी? हे मी भावजींना एकदा बोललो. ते म्हणाले, “रोमेल इजिप्तवरून पुढे आला असता, त्याच्या मागून ती माणसे आली असती, आणि कोकणात पोहोचली असती, तर त्यांनी तुला विचारले असते काय, की तू तेली आहेस की आणखी कोण?” याला माझ्याजवळ उत्तर नाही. एक मात्र नमूद करतो. आपल्याच बांधवांपैकी काहींनी एके काळी इस्राएलमध्ये आपल्या ज्यू असण्याविषयी शंका काढली होती. त्यासाठी आपल्या लोकांना धरणे धरावे लागले, आणि १९६४ साली क्नेसेटने आपण सर्व बाबतींत बरोबरीचे ज्यू आहोत असे ठरवले तेव्हा तो वाद मिटला. भावजींचे वडील त्या धरण्यात बसले होते. जो मान इतक्या झगड्याने मिळाला, त्याबरोबर आलेले दुःख तेवढे परत करावे, हे भावजींना कसे पटणार? वर्षातून एकदा भोंगा वाजतो, रस्त्यातील गाड्या थांबतात, माणसे उतरून उभी राहतात. तेही उभे राहतात, आणि त्या वेळी ते कोणी पाहुणे नसतात.

दुसरे सोपे उत्तर म्हणजे, झाले गेले विसरावे, माफ करावे. पण माफ करणारे आपण कोण? दारफाळणीच्या सणाला, म्हणजे योम किप्पूरला, आपले आजीआजोबा घराची दारे लावून दिवसभर उपास आणि प्रार्थना करीत. त्या दिवसाविषयी मिश्नाच्या योमा या भागात सांगितले आहे, की माणसाने देवाविरुद्ध केलेला अपराध त्या दिवशी धुतला जातो, परंतु माणसाने माणसाचा केलेला अपराध, ज्याचा केला त्याची समजूत घातल्याखेरीज धुतला जात नाही. ज्यांची समजूत घालावयाची ते साठ लाख लोक तर राहिले नाहीत. त्यांच्या वतीने ठाण्याच्या छापखानेवाल्याने माफीची पावती फाडावी, हा उद्धटपणा होईल. मी जर्मन शिकलो म्हणजे मी कोणास काही माफ केले असे होत नाही. आणि न शिकल्याने कोणास काही शिक्षाही होत नाही.

शब्दांचे ओझे किती असते याचे एक उदाहरण मला वर्गातच सापडले. ‘शुल्ड’ या जर्मन शब्दाचा अर्थ अपराध. त्याचेच अनेकवचन ‘शुल्डेन’ म्हणजे कर्ज, देणे. ट्रॅममध्ये धक्का लागला तर ‘एन्टशुल्डिगुंग’ म्हणतात, म्हणजे शब्दशः अपराध काढून टाकणे. १० सप्टेंबर १९५२ रोजी लक्झेंबर्ग येथे पश्चिम जर्मनी आणि इस्राएल यांचा करार झाला आणि जर्मनीने तीनशे कोटी मार्क देण्याचे मान्य केले. जर्मन लोकांनी या व्यवहाराला नाव दिले ‘वीडरगुटमाखुंग’, म्हणजे पुन्हा चांगले करणे. इस्राएलने तो शब्द घेतला नाही. तेथे त्याला ‘शिलुमीम’ म्हणतात, नुसते चुकते करणे; त्यात माफी नाही आणि पुन्हा चांगलेही काही होत नाही. त्याआधी जानेवारी १९५२ मध्ये यावरून जेरुसलेममध्ये दगडफेक झाली होती, हा पैसा रक्ताचा आहे असे म्हणणारे हजारो लोक रस्त्यावर आले होते. तरीही माल आला. बहुतेक रक्कम मालाच्याच रूपाने आली: पोलाद, यंत्रे, जहाजे, रेल्वेच्या डिझेल गाड्या.

माझे एक मामा इकडे जी.आय.पी. रेल्वेत फिटर होते, ते तिकडे जाऊन हायफाच्या वर्कशॉपमध्ये लागले, आणि त्यांच्या हाती याच गाड्या आल्या. यंत्रावरच्या पट्ट्या जर्मनमध्ये. मामांना हिब्रू अजून धड येत नव्हते, जर्मन तर मुळीच नाही, पण तेल कोठे घालायचे हे समजणे भाग होते. ओठ ‘ओ’चे करायचे आणि आतून ‘ए’ म्हणायचे, असा काहीसा तो शब्द आहे. मामा त्याला सरळ ‘एल’ म्हणत. शनवार तेल्याच्या वंशातील माणसाला जर्मनचा पहिला शब्द आला तो तेलाचा! मामा ही गोष्ट हसत सांगत. त्या गाड्यांत ते रोज बसूनही जात. पण जर्मन शिकलात का, असे कोणी म्हटले तर त्यांना राग येई. त्या वेळी इस्राएलच्या पासपोर्टावर, जर्मनीखेरीज सर्व देशांसाठी, अशा अर्थाचा शेरा असे. वस्तू आलेली चालत होती. माणूस गेलेला चालत नव्हता आणि भाषा आलेली तर नाहीच. जर्मनीचे अध्यक्ष योहानेस राऊ यांनी १६ फेब्रुवारी २००० रोजी क्नेसेटमध्ये जर्मनमधून भाषण केले आणि क्षमा मागितली. त्या सभागृहात ती भाषा प्रथमच बोलली गेली, आणि काही सभासद त्या दिवशी आलेच नाहीत.

ज्यांनी नकार दिला त्यांची टिंगल करणे मला जमत नाही. व्लादिमीर यांकेलेविच नावाचे फ्रान्सचे एक ज्यू तत्त्वज्ञ होते. जर्मन तत्त्वज्ञानावर प्रबंध लिहिलेले हे गृहस्थ, आणि संगीताचे मोठे जाणकार. युद्धानंतर त्यांनी जर्मन पुस्तके, जर्मन संगीत, सारेच आपल्या आयुष्यातून काढून टाकले. १९८० मध्ये वीयार्ड रावेलिंग या तरुण जर्मन शिक्षकाने त्यांना पत्र लिहून आपल्या घरी येण्याचे निमंत्रण दिले. यांकेलेविच यांनी फार हळुवार उत्तर दिले, परंतु ते जर्मनीस गेले नाहीत. उलट त्यालाच पॅरिसला बोलावले, आणि तो गेला. मला यात हट्ट दिसत नाही. आपल्या हातून जेवढे होण्यासारखे होते तेवढे त्यांनी केले.

पण व्हिक्टर क्लेम्पेरर यांचीही आठवण येते. ड्रेस्डेनचे हे ज्यू प्राध्यापक, पत्नी ज्यू नव्हती म्हणून जिवंत राहिले. त्यांची नोकरी गेली, टाइपरायटर गेला, घर गेले. त्या बारा वर्षांत ते रोज लपून टिपणे काढीत होते, आणि ती टिपणे होती शब्दांची: राज्यकर्ते भाषेचे काय करतात, आणि साधी माणसे, स्वतः ज्यू देखील, तेच शब्द नकळत कसे उचलतात. १९४७ मध्ये त्यांनी यावर पुस्तक केले. ठार मारायला नेणे याला त्या राजवटीत ‘स्थलांतर’ म्हणत, मारण्याला ‘विशेष वागणूक’. सरकारी कागदावर सारे सभ्य. हे कपट ज्याला उघड करायचे त्याला ती भाषा बारकाईने येणे जरूर होते, नाही का?

येथवर मी पुस्तकांतून वाद घालीत होतो. जानेवारी २०२३ मध्ये पुस्तके बाजूला राहिली.

आमची आक्का अश्दोदला एका वृद्ध बाईंची देखभाल करी. वय पंचाण्णव. जन्म कोलोन शहरातला, १९२७ सालचा. तेथील यावने या ज्यू शाळेत त्या शिकत. शाळेचे मुख्याध्यापक एरिख क्लिबान्स्की यांनी १९३९ मध्ये सुमारे एकशेतीस मुले इंग्लंडला पाठवून वाचवली, त्यांत या एक. मुख्याध्यापक स्वतः पत्नी आणि तीन मुलांसह १९४२ मध्ये मिन्स्ककडे नेले गेले आणि मारले गेले. बाईंचे आईवडील त्याआधीच, ऑक्टोबर १९४१ मध्ये, लोड्झच्या गाडीत घातले गेले होते. पुढे बाई इस्राएलला आल्या, संसार केला, आणि मुलांशी जर्मनचा एक शब्द कधी बोलल्या नाहीत. मुलांना वाटे, आई ते विसरली.

विसरली होती ती नंतरची भाषा. त्या हिवाळ्यात बाईंचे हिब्रू सुटत गेले, नंतर इंग्रजी गेले, आणि खाली राहिले बारा वर्षांच्या मुलीचे जर्मन. मुलगी हायफाहून येई, तिला काही कळेना. आक्काला तर कसे कळणार? एका रात्री आक्काचा मला फोन. “अरे, ही मीर म्हणून कोणाला तरी सारखी हाक मारते. तिचा कोणी भाऊबीऊ होता की काय?” मी म्हणालो, फोन त्यांच्या तोंडाजवळ धर.

ऐकले. मीर इस्ट काल्ट. मीर इस्ट काल्ट.

मी ओरडलोच, “आक्का, तिला थंडी वाजते गं! पांघरूण घाल.”

एवढेच. यात माझी हुशारी काही नाही, पहिल्या पुस्तकातला धडा. परंतु किती वेळ ती बाई ते म्हणत होती, आणि घरात तिच्यावर माया करणारी माणसे असून कोणाला कळत नव्हते, हे मनातून जाईना. त्यानंतर आठवड्यातून दोनदा मी फोन करी. त्या मला ‘डू’ म्हणत. मी कोण आहे असे त्यांना वाटे, ते देव जाणे. “वो वोन्स्ट डू?” कोठे राहतोस? मी सांगे, ठाण्याला. “ते लांब आहे का?” होय, फार लांब. मग त्या समाधानाने “आखा, आखा” म्हणत. तेच प्रश्न पुढच्या वेळी पुन्हा. माझी भाषा मोडकी होती, परंतु त्यांचीही लहान मुलीची होती, त्यामुळे आमचे बरे जमे. एकदा त्यांनी लपंडावाच्या आकड्यांसारखे काही म्हटले आणि मी पुढचे आकडे म्हणालो, तर केवढ्या हसल्या! पेसाहच्या थोडे आधी त्या गेल्या.

आक्काने हे भावजींना बरेच दिवस सांगितले नव्हते. कळल्यावर ते मला म्हणाले, “ते निराळे. ती तिची भाषा होती. तुझी नव्हे. तू मशीन घ्यायला शिकलास.”

वाचकहो, हे खरे आहे. मी बाईंसाठी शिकलो नव्हतो. पुण्य करण्याच्या इराद्याने तर नाहीच. पण हेतूची तपासणी करायची म्हटली तर आपल्या हिब्रूचीच करावी लागेल. स्कॉटलंडचे मिशनरी जॉन विल्सन १८२९ मध्ये मुंबईस आले आणि १८३२ मध्ये त्यांनी मराठीतून हिब्रूचे व्याकरण छापले. त्यांचा हेतू आपल्याला ख्रिस्ताकडे नेण्याचा होता, हे लपलेले नाही. कोचीनहून आलेल्या आपल्या शिक्षकांबरोबर या मिशनऱ्यांच्या शाळांतूनही आपले पूर्वज हिब्रू शिकले, पवित्र शास्त्र मुळातून वाचू लागले, आणि अधिक पक्के ज्यू झाले. देणाऱ्याचा हेतू एक आणि घेणाऱ्याच्या हाती पडले भलतेच. मी हे भावजींना सांगितले. ते म्हणाले, “विल्सनने कोणाला मारले नव्हते.” हेही खरे आहे.

मुंबईतही ही भाषा पूर्वी येऊन गेली होती, हे पुष्कळांना ठाऊक नसते. १९३३ नंतर जर्मन बोलणारे ज्यू निर्वासित येथे आले. त्यांच्यासाठी १९३४ मध्ये ज्युईश रिलीफ असोसिएशन निघाली. आकाशवाणीची सकाळची धून, जी ऐकत आपल्या दोन पिढ्या तोंड धूत आल्या, ती बांधणारे वॉल्टर कौफमन हे त्यांपैकीच एक. आणि सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध पेटताच सरकारने जर्मन पासपोर्टवाल्या पुरुषांना शत्रू म्हणून अहमदनगरच्या छावणीत नेले, त्यांत हे ज्यूही! पुढे चौकशीअंती बरेच सुटले. पण हिटलरने ज्यू म्हणून हाकललेला माणूस नगरला जर्मन म्हणून कोंडला जातो, यावरून कोणती भाषा कोणाची हे ठरवणे किती कठीण आहे ते दिसते.

जून २०२४ मध्ये मी ड्युसेलडॉर्फला गेलो. प्रदर्शनाविषयी लिहीत बसत नाही. यंत्राचा सौदा झाला आणि जर्मनमध्ये घासाघीस करता आली एवढे पुरे. सौदा झाल्यावर ज्या गृहस्थाशी व्यवहार केला त्याने मला जेवायला नेले. साठीचा, बोलका माणूस. जेवण झाल्यावर ग्लास वर करून त्याने आपले पहिले नाव सांगितले आणि आता एकमेकांना ‘डू’ म्हणू या असे सुचवले. त्या लोकांत हा एक लहानसा समारंभच असतो, आणि नाही म्हणणे अपमानाचे. मी हात पुढे केला, परंतु क्षणभर उशिरा. त्या क्षणात माझ्या मनात आले, की याचे वडील त्या वेळी कोठे असतील? त्याचा दोष काय? काही नाही. त्याने माझा उशीर पाहिला असावा, कारण त्याने माझ्या गळ्यातील मागेन दाविदकडे पाहिले आणि मग आपल्या ताटाकडे. दोघेही काही बोललो नाही. नंतर मी त्याला ‘डू’च म्हटले. पण मराठीत त्याची आठवण काढताना माझ्या मनात अजून ‘ते’च येते.

दुसऱ्या दिवशी कोलोनला जाणारी गाडी धरली. अर्ध्या तासाचा प्रवास. नदी ओलांडण्याआधी एक स्टेशन लागते, ‘कोलोन मेस्से डॉइट्स’. मेस्से म्हणजे व्यापारी प्रदर्शन. आमच्या धंद्यातील माणसाला जर्मनचा बहुधा हाच शब्द आधी येतो. याच मेस्सेच्या इमारतींत कोलोनच्या ज्यूंना गोळा करून ठेवत आणि डॉइट्स स्टेशनातून गाडीत चढवत. बाईंचे आईवडीलही येथूनच गेले. डब्यातील ध्वनिवर्धकाने स्टेशनचे नाव स्वच्छ उच्चारात सांगितले, आणि मला ते स्वच्छ कळले.

शहरात फुटपाथवर जागोजागी पितळी चौकोन बसवलेले आहेत, हाताच्या पंजाएवढे. गुंटर डेम्निग या कलावंताने १९९२ मध्ये कोलोनलाच पहिला बसवला, आणि २०२३ पर्यंत युरोपभर अशा दगडांची संख्या एक लाखावर गेली. नावांवर पाय पडतो म्हणून म्युनिकच्या ज्यू समाजाच्या अध्यक्षबाईंनी त्यांना विरोध केला आहे, आणि तो विरोधही मला समजतो. दगडावर वर लिहिलेले असते, ‘हिअर वोनटे’. येथे राहत होता, येथे राहत होती. वर्गातील अगदी पहिला धडा ‘वोनेन’, म्हणजे राहणे. आपण कोठे राहता? मी ठाण्याला राहतो. तेच क्रियापद, फक्त भूतकाळात. आणि शेवटची ओळ ‘एरमोर्डेट’. खून केला. स्थलांतर नाही, विशेष वागणूक नाही. इंग्रजीवर काम चालवणारे माझे सोबती त्याच रस्त्याने दोन दिवस आधी गेले होते. त्यांना ती गटाराची झाकणे वाटली होती.

रोनश्ट्रासवरील सिनेगॉग १९३८ मध्ये जाळले गेले आणि १९५९ मध्ये पुन्हा उघडले. मी आत प्रार्थनेला बसलो. शेजारी एक आजोबा ओडेसाचे. १९९० नंतर सोव्हिएत देशांतून आलेल्यांनीच जर्मनीतील ज्यू समाज पुन्हा भरला. ते पन्नाशीत जर्मन शिकले, माझ्यासारखेच. आमचे दोघांचे जर्मन ऐकून शामाशला हसू आवरेना.

बाईंच्या मुलीने जुना पत्ता दिला होता. घर युद्धानंतर नवीन बांधलेले. फुटपाथवर दगड नव्हता. मी दाराजवळच्या घंट्यांवरील नावे वाचीत उभा होतो, तेवढ्यात एक म्हाताऱ्या बाई पिशवी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, “आपण कोणाला शोधता आहात का?” वाक्य मला पूर्ण समजले, त्याचे उत्तर व्याकरणासह पाठ होते. मी म्हणालो, येथे एक कुटुंब राहत होते. आडनाव सांगितले. त्यांनी पिशवी खाली ठेवली, आडनाव दोनदा म्हणून पाहिले. म्हणाल्या, मी १९७४ पासून येथे आहे, मला कोणी सांगितले नाही. मग म्हणाल्या, मीही कधी विचारले नाही.

परत आल्यावर सारे बाईंच्या मुलीला कळवले. आईवडिलांसाठी म्हणजे आजीआजोबांसाठी असा दगड बसवून घेता येतो, कोणीही अर्ज करू शकतो, पण सारा पत्रव्यवहार जर्मनमध्ये. तिने तो मीच करावा असे म्हटले. तिला ती भाषा शिकायची नाही, आणि या वयात तिने का शिकावी? आता दर रविवारी मी शब्दकोश घेऊन बसतो. तारखा जुळवल्या, नावांचे स्पेलिंग तपासले. एक रकाना राहिला आहे: अर्जदाराचे त्या कुटुंबाशी नाते. आक्का म्हणते, शेजारी लिही. मुलगी म्हणते, मित्र लिही. दोन्ही खोटे वाटते.

शेवटी मागच्या शाब्बाथनंतर भावजींना फोन करून विचारले. ते जरा वेळ गप्प होते. मग म्हणाले, “कोरा ठेव. त्यांनी विचारले तर बघू.” आणि लगेच, “आजोबांच्या नावात एक अक्षर चुकवले आहेस, हिब्रू कागदावर ‘ख’ आहे. नीट बघ.”